एकोणचाळीस नंबरची रेघ

त्याला कामावरचे सगळे 'दोरखंड' म्हणायचे. उंच, सडपातळ आणि वाटेल तेवढं वजन पेलणारा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो विसाव्या वर्षी लागला आणि पुढची चोवीस वर्षं त्याने इमारतींच्या पोटात, लिफ्ट वर-खाली जाते त्या शाफ्टमधल्या अंधारात, शिडीवर उभा राहून काढली. लिफ्टच्या मशीनचा आवाज बाहेरून ऐकून आत कुठलं बेअरिंग गेलंय ते तो सांगायचा, आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर निघायचं. दहाव्या वेळी तो म्हणायचा, "आवाज बरोबर होता, माझे कान सर्दीने बसलेत."

त्याच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कंपनीने सगळ्यांची वार्षिक तपासणी केली. त्याला काही होत नव्हतं. पँट थोडी सैल झाली होती, डाव्या बरगडीखाली जेवल्याबरोबर भरल्यासारखं वाटायचं, एवढंच. बालवाडीत शिकवणारी त्याची बायको म्हणायची, "घास चावून खात नाही तुम्ही. आमची पिल्लं परवडली." पण रक्ताचा कागद आला आणि दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. पांढऱ्या पेशी जिथे दहा हजारांच्या आत हव्यात, तिथे एक लाख चाळीस हजार होत्या.

रक्ताच्या विभागातल्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी लपवाछपवी केली नाही. रक्ताचा कर्करोग आहे म्हणाल्या, पण सावकाश चालणारा, आणि त्यावर चांगलं औषध आहे. बायकोने त्याचा हात घट्ट धरला. त्याने विचारलं, "बिघाड नेमका कुठे आहे?"

डॉक्टरबाईंना हा प्रश्न आवडला असावा. त्यांनी कागदावर दोन काड्या काढल्या. पेशीच्या आत अशा काड्या असतात, त्यातल्या दोघींनी आपापले तुकडे एकमेकींना देऊन टाकलेत, आणि जोडाच्या जागी एक बटण कायमचं चालू राहिलंय, असं सांगितलं. पेशी वाढत सुटतात, थांबा म्हणणारं कोणी नाही.

"म्हणजे मोटरचा स्विच, कॉन्टॅक्टर, चिकटलाय," तो म्हणाला. "सप्लाय तुटतच नाही."

"तसंच. आणि ही गोळी तो चिकटलेला कॉन्टॅक्टर सोडवते. रोज, जेवणानंतर, न चुकता."

"कधीपर्यंत?"

"सध्या तरी आयुष्यभर धरून चला."

गोळीने काम केलं, यात वादच नाही. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि त्यात त्या बिघडलेल्या जोडाचं प्रमाण किती टक्के उरलंय ते कळायचं. सुरुवातीला शंभराच्या आसपास असलेला आकडा तीन महिन्यांत आठवर आला, सहा महिन्यांत एकवर, मग रडतखडत खाली. खिशातल्या छोट्या डायरीत तो हे आकडे लिहून ठेवायचा. पण गोळीने पिंडऱ्यांत आणि हातांत पेटके यायला लागले. सकाळी डोळे सुजायचे ते सुजायचे, त्याचं त्याला काही नव्हतं. हाताच्या पेटक्याने मात्र नाकी नऊ आणले.

वर्ष उलटल्यावर एका अठरा मजली इमारतीच्या लिफ्टचे सगळे दोर बदलायचं काम आलं. बाराव्या मजल्याजवळ शिडीवर असताना त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप वळली, आणि पाना सुटला. बारा मजले आपटत आपटत पाना खाली खड्ड्यात पडला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. पण जिथे पाना पडला तिथे पाच मिनिटांपूर्वी त्याचा जोडीदार उभा होता. त्या दिवशी दोरखंड जेवला नाही. काम तीन आठवड्यांचं उरलं होतं, आणि त्याच्याशिवाय ते होणार नव्हतं.

त्याने कोणालाही न सांगता गोळी बंद केली. एकवीस दिवस. बायको रोज विचारायची, "घेतली का?" आणि तो म्हणायचा, "हो, दुपारच्या डब्यानंतर घेतो हल्ली." एकवीस गोळ्या त्याने अवजारांच्या पेटीत, नटबोल्टच्या कप्प्यात टाकल्या. पेटके गेले, दोर बदलून झाले, आणि मग त्याने गुपचूप गोळी पुन्हा सुरू केली.

पंधराव्या महिन्याच्या तपासणीत आकडा शून्य पूर्णांक दोनवरून एकदम एकवर गेलेला होता. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गोळ्या नीट घेताय ना?"

"हो, हो. रोज."

त्यांनी विश्वास ठेवला. गोळीला दाद न देणारा नवा बिघाड झालाय की काय म्हणून एक जास्तीची महागडी तपासणी करवली. त्यात काही निघालं नाही. पुढच्या वेळी आकडा पुन्हा खाली आला आणि प्रकरण मिटलं. म्हणजे डॉक्टरबाईंसाठी मिटलं. त्याच्या मनात ते कुसळासारखं रुतून बसलं. पेटके परत आलेच होते, म्हणून त्याने स्वतःच कंपनीला सांगितलं, "मला आता शाफ्टमध्ये पाठवू नका." त्याला वर्कशॉपमध्ये टेबलावर बसवलं. मोटारी खोलायच्या, पुन्हा जोडायच्या. काम वाईट नव्हतं. पण घरी आल्यावर तो सांगायचा तरी काय? पूर्वी रोज एका इमारतीची गोष्ट असायची.

अशी आणखी चार-साडेचार वर्षं गेली. आकडा आता इतका खाली गेला होता की मोजणाऱ्या यंत्राला तो कधी दिसायचा, कधी दिसायचा नाही.

सहाव्या वर्षी एका सकाळी तो रक्त देऊन बाहेर पडला, तर दवाखान्याच्या लिफ्टपुढे गर्दी. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेली, आत एक बाई. शिपाई दार पकडून जोर लावत होता.

"हात काढा आधी!" दोरखंड ओरडला. "दार उघडलंत आणि लिफ्ट हलली, तर?" मग फटीला तोंड लावून म्हणाला, "बाई, आत किती जण आहात?"

"एकटीच," आतून बारीक आवाज आला. "हवा संपेल का हो?"

"हवा संपायला लिफ्ट काय बरणी आहे? वर झरोके आहेत. खाली बसा निवांत. मी वर जाऊन तुम्हाला हाताने उतरवतो. थोडा धक्का बसेल, घाबरायचं नाही."

मशीन रूमची किल्ली मिळवून, मेन स्विच बंद करून, ब्रेक सोडत सोडत त्याने लिफ्ट तिसऱ्या मजल्याला टेकवली. दार उघडलं तेव्हा आत तिशी-बत्तिशीची एक मुलगी कागदांची भेंडोळी पोटाशी धरून जमिनीवर बसली होती. तिच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती. तिने त्याचे इतके वेळा आभार मानले की तोच अवघडला. शेवटी ती म्हणाली, "काका, चहा तरी घ्या."

तिची खोली चौथ्या मजल्यावर, पूर्वी जिथे चादरी ठेवायचे तिथे होती. दोन टेबलं, संगणकाचे चार पडदे, आणि पडद्यांवर रेघाच रेघा. तो म्हणाला, "तुम्ही डॉक्टर?"

"नाही. मी गणितवाली. आम्ही संगणकात खोटं रक्त तयार करतो."

त्याचा चेहरा बघून ती हसली, आणि मग नीट सांगायला बसली. रक्तात बिघडलेल्या पेशी दोन तऱ्हेच्या असतात असं धरायचं, जाग्या आणि झोपलेल्या. गोळी जाग्यांना मारते, झोपलेल्यांना तिचा पत्ताच लागत नाही. म्हणून आकडा आधी भराभर उतरतो आणि नंतर रखडतो. शिवाय शरीराचे स्वतःचे पहारेकरी असतात, तेही थोड्या पेशी टिपतात. कोणाचे पहारेकरी जागरूक, कोणाचे ढिले. हे सगळं समीकरणांत मांडायचं, खऱ्या माणसांच्या आकड्यांशी ताडून बघायचं, आणि मग विचारायचं, याची गोळी कमी केली तर काय होईल? बंद केली तर?

"झोपलेल्या पेशी मोजता कशा?"

"मोजता येत नाहीत. रेघ कशी उतरते त्यावरून अंदाज बांधायचा."

"म्हणजे मशीन न खोलता, आवाजावरून."

"अगदी!" ती खूश झाली. "आणि हे बघा, इथे प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक मजला समजा. शंभर, मग दहा, मग एक, मग एकदशांश. एक मजला उतरलं की दहावा हिस्सा उरतो. ही दोनशे बारा माणसं आहेत. नावं आमच्याकडे नसतात, नुसते नंबर."

दोरखंडाने खिशातून डायरी काढली. का काढली कोणास ठाऊक. त्याने शब्द न पुरवता लिफ्टच्या भाषेत आपला आजार इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी सांगितला होता, म्हणून असेल. "मी पण यातलाच. शंभर होतो. मग आठ. मग एक. पाऊण. शून्य पूर्णांक दोन. मग एक..."

गणितवालीने कप खाली ठेवला. "पंधराव्या महिन्यात?"

"हो."

"पुढे पॉइंट तीन?"

"हो. तुम्हाला कसं..."

"तुम्ही एकोणचाळीस!" ती उठूनच उभी राहिली, आणि लगेच जीभ चावली. "अरे देवा, हे मी बोलायला नको होतं. आम्हाला कोण कोण ते कळता कामा नये."

"तुम्ही कुठे शोधलंत? मीच सांगितलं. पण एकोणचाळीसचं काय एवढं?"

तिने पडद्यावर एक रेघ ठळक केली. छान उतरत उतरत मध्येच उंटाच्या पाठीसारखी वर आलेली. "काका, या उंचवट्याने माझे आठ महिने खाल्ले. कुठल्याही समीकरणात बसत नाही. पेशी गोळीला जुमानेनाशा झाल्या म्हणावं तर पुढे गोळीने पुन्हा का उतरल्या? मी नवा नियम बसवला तर बाकीचे दोनशे अकरा बिघडतात. शेवटी मी तुम्हाला मोजणीची चूक म्हणून बाजूला ठेवलंय."

पाच वर्षांत ही गोष्ट त्याच्या ओठांवर आली नव्हती. समोरची मुलगी पेन हातात घेऊन त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दोष नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"मोजणी बरोबर आहे," तो म्हणाला. "मी चुकलो." आणि त्याने पाना पडल्यापासून नटबोल्टच्या कप्प्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

खुर्ची ओढून तिने एकवीस दिवसांची गोळी शून्य करून तीच जुनी समीकरणं पुन्हा चालवली. संगणकाची रेघ उतरली, पंधराव्या महिन्याशी वर आली, आणि त्याच्या आकड्यांवरून अशी गेली की जणू कोणी पट्टी लावून आखलीये.

"बसलं," ती पुटपुटली. तिचे डोळे भरले होते. "काका, माझं गणित चुकलंच नव्हतं हो."

त्यालाही भरून आलं. पाच वर्षांचं कुसळ निघालं होतं.

"पण डॉक्टरबाईंना तुम्हीच सांगायचं," ती म्हणाली. "आणि घरी."

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पेटक्यांबद्दल तेव्हा बोलला असतात तर डोस बदलून बघितला असता. मी विचारायला हवं होतं. मी फक्त 'घेताय ना' एवढंच विचारलं." त्या रागावल्या असत्या तर ओशाळला असता, त्याहून तो या बोलण्याने जास्त ओशाळला.

बायको मात्र रागावली. तीही ओरडून नाही. जेवणाची ताटं उचलता उचलता थांबली आणि म्हणाली, "एकवीस दिवस मी रोज विचारत होते. रोज. आणि तुम्ही रोज माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणत होता." दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. तिसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर दवाखान्यात आली, चौथ्या मजल्यावर गेली आणि गणितवालीला म्हणाली, "मला ती रेघ दाखवा."

गणितवालीने दाखवली. बायकोने उंचवट्यावर बोट ठेवलं. "म्हणजे यांचा खोटेपणा तुमच्या कामी आला?"

"खूप. गोळी थांबली की यांच्या पेशी किती वेगाने वाढतात, ते एरवी कळलंच नसतं. असं कोणावर मुद्दाम करून बघता येत नाही ना."

"मग ठीक," बायको म्हणाली. "तुम्ही पोटात घातलंत, तर मीही घालते. पण आता डबा यांचा आणि गोळी माझ्या हातची."

दोन वर्षांहून जास्त काळ आकडा अगदी तळाशी होता, त्यामुळे गोळी बंद करून बघण्याचा विचार डॉक्टरबाईंच्या मनात होताच. काही लोकांना ते साधतं, काहींचा आजार काही महिन्यांत डोकं वर काढतो आणि गोळी पुन्हा सुरू करावी लागते. गणितवालीने एकोणचाळीस नंबरची रेघ हजार वेळा पुढे चालवून बघितली. एका दुपारी डॉक्टरबाईंसमोर तिने स्पष्ट सांगितलं, "एकदम बंद केली तर तुमच्यासारख्या दहांतल्या सातांचा आकडा वर येईल. वर्षभर अर्धी गोळी घेऊन मग बंद केली तर सहांचा. फरक थोडा आहे. पण अर्ध्या गोळीवर तुम्ही बराच काळ तळाशी राहाल, असं माझं गणित जवळजवळ खात्रीने सांगतंय."

"आणि मी त्या सहांत की चारांत?"

"ते नाही सांगता येत, काका. सांगता येतं असं म्हटलं तर ते खोटं होईल."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे गणित हुकूम नाही. दर महिन्याला रक्त तपासू. आकडा एकदशांशाच्या वर गेला की त्याच दिवशी गोळी सुरू."

अर्ध्या गोळीवर सहा आठवड्यांत पेटके गेले. चौथ्या महिन्यात त्याने कंपनीच्या साहेबांपुढे हाताच्या मुठी वीस वेळा वळून दाखवल्या आणि पुन्हा शाफ्टमध्ये उतरला. पहिल्या दिवशी घरी येऊन तो इतका बोलला, इतका बोलला, की बायकोने कानांवर हात ठेवले.

वर्षाने गोळी पूर्ण बंद झाली. आधी सांधे दुखले. "गोळी होती तेव्हा हात, आता गोळी नाही तर खांदे," तो म्हणायचा. "माझ्या शरीराला कशातच सुख नाही." तीन महिने आकडा दिसला नाही. चौथ्या महिन्यात दिसला, अगदी बारीक. पाचव्यात पॉइंट शून्य सहा. सहाव्यात एकदशांशाच्या वर.

निकाल घेऊन तो आधी चौथ्या मजल्यावर गेला. गणितवालीने आकडा बघितला आणि मान खाली घातली. "मला वाईट वाटतंय, काका."

"तुम्हाला कशाला? तुम्ही सांगितलंच होतं, दहांत सहा." तो खुर्चीवर बसला. त्याला स्वतःला किती वाईट वाटलंय ते दाखवायचं नव्हतं. मग पडद्याकडे बघता बघता त्याला काहीतरी दिसलं. "काही रेघा अर्ध्यातच का थांबल्यात?"

तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"गेले?"

"काही दुसऱ्या दवाखान्यात गेले. काही... हो. सतरा जण. आजार पुढे गेलेला होता, गोळीचं त्याने ऐकलं नाही. एकदशांशाची लक्ष्मणरेषा पाळली की नव्व्याण्णव टक्के वाचतात, हे माझं गणित कशावरून सांगतं? यांच्यावरून पण."

दोरखंड उठून पडद्याजवळ गेला. नाव नाही, चेहरा नाही. कोणी त्याच्यासारखंच दर तीन महिन्यांनी दंड पुढे केला असेल, बाहेरच्या बाकावर बसला असेल, घरी कोणीतरी 'घेतली का' विचारत असेल. पस्तिसाव्या महिन्यात एक रेघ थांबली होती. त्याने हात जोडले. गणितवाली खिडकीकडे बघत राहिली.

त्याच दुपारपासून अर्धी गोळी पुन्हा सुरू झाली. पूर्ण द्यावी का, यावर डॉक्टरबाईंनी बराच विचार केला आणि सगळे आकडे पुढ्यात ठेवून ठरवलं, आधी अर्धीच. चौथ्या महिन्यात आकडा परत तळाशी गेला. तेव्हापासून तो तिथेच आहे, आणि पेटके आलेले नाहीत. आता दवाखान्यात ज्यांना गोळीचा त्रास होतो त्यांच्या बाबतीत गोळी कमी करायचा विचार आधी केला जातो, आणि डॉक्टरबाई नव्या माणसाला 'घेताय ना' न विचारता 'कधी चुकते?' असं विचारतात.

गेल्या महिन्यात एका नव्या इमारतीचं काम संपलं. मशीन रूम गच्चीवर होती. तो बायकोला म्हणाला, "चल, आज डबा तिथे खाऊ." इतक्या वर्षांत तिने त्याच्या कामाची जागा बघितलीच नव्हती. लिफ्टने वर येताना तिने डोळे मिटून घेतले होते. गच्चीवर आल्यावर मात्र कठड्याशी उभी राहून ती शाळा कुठे, आपलं घर कुठे, दवाखाना कुठे असं शोधत बसली. मागे मोटर एका सुरात चालली होती. खाली कोणीतरी बटण दाबत होतं, कोणीतरी घरी पोहोचत होतं.

"काय विचार करताय?" तिने विचारलं.

"हिशेब लागत नाही. डॉक्टरबाई, ती गणितवाली, ते सतरा जण, तू. आभार मानायला बसलो तर सुरुवात कुणापासून करायची?"

"माझ्यापासून करा," बायको डबा उघडत म्हणाली. "आणि आधी जेवा, गार होतंय."